सही मारण्याआधी: गोव्यात जोडीदार निवडताना काय काय बघायचं

माझ्या मावसबहिणीचा गेल्या महिन्यात फोन आला, ताई स्थळं यायला लागलीयत, कुठून सुरू करू? तिला व्हॉट्सअॅपवर उत्तर द्यायला बसले तर ११ व्हॉइस मेसेज झाले आणि अजून निम्मं सांगायचं राहिलंच होतं, म्हणून म्हटलं लिहूनच काढते. मी फोंडा तालुक्यातली, वेर्ण्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते, तीन वर्षं "बघण्याच्या" चक्रातून गेलेय, १७ मुलगे भेटले, एक जुळून मोडलं, आणि आता डिचोलीला सासर आहे. एवढीच माझी लायकी हे लिहिण्याची.

सगळ्यात आधी एक गोष्ट. गोव्यात लग्न हॉलमध्ये लागत नाही. हॉलमध्ये मंगलाष्टकं होतात, अक्षता पडतात, कॅमेरावाला मामाच्या डोक्यावर चढून फोटो काढतो, पण कायद्याने लग्न लागतं ते तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या ऑफिसात, बाकड्यावर तासभर बसून, टोकन नंबर आला की दहा मिनिटांत, दुसरी सही झाली की (सह्या दोन असतात, पुढे सांगते). १९१० सालच्या पोर्तुगीज कायद्यापासून हे असंच चाललंय, हिंदू असो, मुसलमान असो; कॅथलिकांना मात्र रजिस्ट्रारचा दाखला घेऊन चर्चमध्ये लावलेलं लग्न कायद्याने चालतं. म्हणून महाराष्ट्रातल्या लोकांचे सल्ले वाचताना ते "साखरपुडा ते लग्न या काळात एकमेकांना ओळखा" म्हणतात ना, ते आपल्याकडे धोक्याचं आहे, कारण आपल्याकडे बरेच जण साखरपुड्याच्या आसपासच सह्या उरकून टाकतात. जे काय विचारायचं ते त्या सहीच्या आधी. पुढचं सगळं मी त्या हिशेबाने लिहिलंय.

आधी आपला कागद

स्थळ बघायला लागायच्या आधी एका कागदावर तीनच गोष्टी लिहा ज्यावर तुम्ही अजिबात मागे हटणार नाही. तीनच. दहा लिहिल्या तर त्यातल्या सात नुसत्या आवडीनिवडी असतात, उंची, दाढी, गाडी, आणि त्या माणूस समोर आला की आपोआप विरघळतात. माझ्या तीन अशा होत्या: नोकरी सोडणार नाही, कर्ज असेल तर आकडा लग्नाआधी कळला पाहिजे, आणि चवथीला दीड दिवसातला अर्धा दिवस माझा माहेरी. तिसरी ऐकून लोक हसायचे. पण मी एकुलती एक, आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळापानांची चौकट, बांधायला पप्पा आणि मी दोघंच, आणि गोव्यात सुनेने चवथीला सासरी नसणं म्हणजे काय असतं ते गोव्याच्या सुनेलाच विचारा. एका स्थळाचं बोलणं फक्त याच मुद्द्यावर थांबलं आणि बरंच झालं थांबलं.

मग आईला आणि वडलांना सांगा त्यांनी पण कागद करायचा, पण वेगवेगळा. आमच्याकडे मजा झाली, आईच्या कागदावर पहिलं "जवळचं गाव" आणि पप्पांच्या कागदावर पहिलं "गव्हर्मेंट". तोपर्यंत दोघंही "आमचं एकच म्हणणं आहे" असं म्हणत होते.

त्या गव्हर्मेंटबद्दल जरा बोलतेच. गोव्यात मुलीच्या बापाला जावई एलडीसी म्हणजे सरकारी कारकून चालतो पण खाजगीतला मॅनेजर चालत नाही, यामागे कारण आहे, खाण बंद झाली तेव्हा ट्रकांचे हप्ते कसे थकले ते डिचोली-सत्तरी-सांगे भागाने बघितलंय, २०१२ला एकदा आणि २०१८ला परत, त्यामुळे भीती खोटी नाही. फक्त "सरकारी" म्हणजे नक्की काय ते विचारा. पर्मनंट, कॉन्ट्रॅक्ट, सोसायटीमार्फत, महामंडळात, रोजंदारी, हे सगळे बायोडेटावर "गोवा गव्हर्मेंट" असंच लिहितात.

स्थळं येतात कुठून

गोवा एवढासा. २०११च्या जनगणनेत पुरती साडेचौदा लाख माणसं. त्यातून तुमचा धर्म, मग जात, मग वय, मग शिक्षण, मग "आपल्या गोत्राची नको, आपल्या कुळाव्याची नको" असं वजा करत गेलात की उरतात ती सगळी एकतर तुमच्या वर्गात होती किंवा तुमच्या मामीच्या ओळखीची असतात. म्हणून दोन गोष्टी होतात. चौकशी सोपी जाते, आणि गुपित राहत नाही. मिरामारला कॉफी प्यायला गेलात तर संध्याकाळपर्यंत घरी फोन.

नातेवाईक आणि जत्रेतल्या बायका हा अजूनही सगळ्यात मोठा झरा आहे, हसू नका. म्हार्दोळला किंवा शांतादुर्गेच्या देवळात एखादी काकी "बाय, खंयची गो तूं?" म्हणून विचारते ते उगाच नाही विचारत. त्यानंतर समाजाचे वधूवर मेळावे, रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती, आणि आता सगळ्यात जास्त ते समाजाचे व्हॉट्सअॅप ग्रुप जिथे रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या गुलाबासोबत चार बायोडेटांचे पीडीएफ पडतात. साइटवर नाव घालायचं तर प्रोफाइल स्वतः चालवा, आईवडलांच्या हातात देऊ नका, नाहीतर तुमच्या नावाने "हाय, आमची मुलगी खूप शांत आहे" असे मेसेज जातील. माझ्या नावाने गेलेत.

डेटिंग अॅपचं गोव्यात वेगळंच नाटक आहे. अंतर २० किलोमीटर लावलं की कळंगुट, हणजूण, मोरजी इथले सगळे पर्यटक दिसतात, दिल्ली-बेंगळुरूचे, शुक्रवारी येतात रविवारी जातात, आणि राहिलेल्यांत अर्धे आपले शेजारी. तरी माझ्या दोन मैत्रिणींची लग्नं त्यातूनच झालीत, दोघींनीही प्रोफाइलवर पहिल्याच ओळीत "गोंयची, लग्नासाठीच" असं सरळ लिहिलं होतं. लाज वाटली तरी वेळ वाचतो.

बायोडेटा एकच पान ठेवा. जन्मवेळ, घराचा पूर्ण पत्ता, वडलांचा नंबर हे त्यात घालू नका, समोरच्याने रस दाखवला की मग द्या, कारण तो पीडीएफ कुठून कुठे फिरेल सांगता येत नाही. माझा अजून फिरतोय, माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी परवा एका काकांचा फोन आला. वरती तारीख टाका, निदान जुना आहे हे तरी कळेल. पगार हातात येणारा लिहा, पॅकेजचा आकडा लिहून काही उपयोग नाही. आणि मासे खाता की शिवराक (शाकाहारी) ते लिहा हो, गोव्यात हा प्रश्न पगाराच्या आधी येतो, मी खाते, नवरा खात नाही, आणि सोमवारी-गुरुवारी काय करायचं यावर एक अख्खी भेट गेलीय आमची.

पत्रिका, कौल आणि रक्त

पत्रिका मानता की नाही हा तुमचा प्रश्न, पण क्रम चुकवू नका. घरचे बघणारच असतील तर मुलाला भेटायच्या आधी बघून होऊ दे. ३६ गुणांतले ८ एकट्या नाडीचे असतात, त्यामुळे दोन महिने रात्री बारापर्यंत फोनवर बोलून झाल्यावर भटजी "एक नाडी" म्हणाला की रडारड ठरलेली. माझं जे जुळून मोडलं ना, त्यात हे पण एक होतं, आधी "आम्ही मानत नाही" म्हणाले आणि मग त्यांच्या कुठल्यातरी आत्याने पत्रिका मागवली. म्हणून आता मी सगळ्यांना सांगते, "तुम्ही मानता का" असं विचारू नका, "तुमच्या घरात कोण मानतं" असं विचारा.

कौलाचं तसंच. देवाला प्रसाद लावायचा, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून कुठली पडते त्यावरून देवाचं उत्तर घ्यायचं असेल, तर घरच्यांनी सुरुवातीलाच लावावा. आमच्या वेळी गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि पाच मिनिटं काहीच पडेना, मी तिथे घामाघूम, शेवटी उजवी, म्हणजे होकाराची, पडली तेव्हा आईने जो श्वास सोडला तो मला ऐकू आला. मी काही त्यावर लग्न ठरवलं नव्हतं, पण आईचा जीव भांड्यात पडला हेही काय थोडं नाही.

रक्ताचं मात्र सोडू नका. थॅलेसेमियाची एचबीए-टू ची टेस्ट दोघांनीही करायची, आयुष्यात एकदाच करावी लागते. नुसत्या वाहक माणसाला काही त्रास नसतो म्हणून त्याला माहीतच नसतं, पण दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते की बाळाला मोठा थॅलेसेमिया होईल आणि त्याला जन्मभर रक्त चढवत राहावं लागेल. एकच वाहक असेल तर ही भीती नाही. सोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि ब्लड ग्रुप. मागायचं कसं म्हणून लोक अडतात. मी माझे रिपोर्ट आधी पाठवले आणि खाली लिहिलं, "माझे झाले, तुमचे पण करून घ्याल का?" चार दिवसांत आले. एकाने पूर्वी "तुम्हाला संशय आहे का" असं विचारलं होतं, त्याला मी परत मेसेजच केला नाही.

भेटी

पहिली भेट घरी असू दे की बाहेर, त्यात काही कळत नाही. शिरा असतो, केळ्याची भजी असतात, सगळे इस्त्रीचे कपडे घालून बसलेले असतात, काका खाणीच्या गोष्टी सांगतात. अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका आणि त्यावरून हो म्हणू नका. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, त्याला अर्धा तास पुरतो.

मग निदान पाच-सहा भेटी करा आणि त्या एकसारख्या नकोत. पाचही भेटी कॅफेत झाल्या तर ती एकच भेट पाच वेळा झाली. एक भेट त्याच्या मित्रांसोबत, ते त्याची कशावरून टिंगल करतात ते ऐका, मित्र ज्यावरून चिडवतात ते बहुतेक खरं असतं. एक भेट ड्युटीनंतर, तो दमलेला आणि भुकेला असताना. एक अशी की ज्यात काहीतरी काम करायचंय, आरटीओचं, बँकेचं, कुणाला हॉस्पिटलात बघायला जायचंय. मी आणि माझा आताचा नवरा जुलैच्या पावसात जुन्या मांडवी पुलाच्या अलीकडे स्कूटर बंद पडून पाऊण तास उभे होतो, मी आतल्या आत फुटायच्या बेतात, आणि तो शांतपणे प्लग काढून रुमालाने पुसत होता, मध्येच म्हणाला "भूक लागली असेल ना, डिकीत चिक्की आहे". एवढंच. पण बारा कॅफेंत हे कळलं नसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाची भेट म्हणजे साध्या वारी त्यांच्या घरी जाणं. रविवारी नाही, सणाला नाही, कळवायचं पण दोन तास आधीच. मी एका मंगळवारी ऑफिस सुटल्यावर "इकडून जातेय तर पाच मिनिटं येऊ का" म्हणून गेले. सासूबाई मागच्या दारी बसून बांगडे साफ करत होत्या, मांजर ताटकळत बसलेलं. त्यांना मला बघून ओशाळल्यासारखं झालं, हात धुवायला उठायला लागल्या. तेवढ्यात हा आत आला, शर्ट काढून खुंटीला लावला, आडोळी (नारळ खवायची विळी) पुढे ओढली आणि नारळ खवायला बसला, वर माझ्याकडे बघून कुरकुरला, "रोज मलाच बसवतात". तो "रोज" ऐकून मी निम्मं ठरवलं. दाखवायला केलं असतं तर कुरकुरला नसता. शिवाय तो स्वतः शिवराक, ते हुमणासाठी, म्हणजे माशांच्या कालवणासाठी, खोबरं तो आईसाठी खवत होता, त्याच्या ताटात ते येणार पण नव्हतं.

मुलग्यांनी पण हेच करावं, मुलीच्या घरी साध्या वारी जावं. ती आईशी कशी बोलते, घरात तिचं कुणी ऐकतं का, की सगळं भाऊ ठरवतो.

विचारायचे प्रश्न मोघम नकोत. "तुमचे विचार मॉडर्न आहेत का" याला आजपर्यंत कुणी नाही म्हटलेलं नाही. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात घरात भांडण कशावरून झालं? शेवटचं जेवण कधी बनवलंस आणि काय? तुझी आई आजारी पडली तर रजा कोण घेतं? मूल नाही झालं तर? मला पणजीहून रात्री साडेनऊला बस मिळाली तर तू न्यायला येशील की आईला फोन करून विचारशील? उत्तर नीट आलं पाहिजे असं नाही, तुमच्यासमोर थांबून विचार करतो की रेडिमेड बोलतो तेवढं बघा.

चौकशी करायची ती लपूनछपून नको, पण करा. गोव्यात यासाठी डिटेक्टिव्ह लागत नाही. पोदेर म्हणजे पाववाला रोज सकाळ-संध्याकाळ सायकलवर भोंगा वाजवत त्या घरासमोर थांबतो, कुणाची उधारी किती आणि सकाळी सहाला कोणाचा आवाज चढलेला असतो ते त्याला सगळं ठाऊक. माझ्या काकाने त्यालाच विचारलं होतं. उत्तर एका ओळीत आलं, "मनीस बरे, पूण बापूय मातसो तापट." सासरे तापट आहेत. खरंय.

पैसे आणि घर

हे बोलायला सगळ्यात जास्त लाजतात आणि नंतर सगळ्यात जास्त यावरूनच वाजतं. चौथ्या-पाचव्या भेटीत दोघांनी आपापला आकडा सांगायचा: हातात पगार किती, घराचं-गाडीचं लोन किती उरलंय, सोनं गहाण आहे का, भावाच्या लोनला जामीन आहे का, घरी महिन्याला किती देतो. जामीन राहिलेला माणूस तो विसरलेला असतो, म्हणून वेगळं विचारा. जुगाराचं पण विचारा. २०२० पासून कॅसिनोंत गोंयकारांना खेळायला बंदी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, मटका गल्लीत आहे आणि रमी मोबाइलवर.

घराचं विचारताना लोभी वाटेल म्हणून गप्प बसू नका. गोव्यात "आमचं स्वतःचं घर आहे" या वाक्याचे पाच अर्थ होतात. जुनं पूर्वजांचं घर असेल तर आजोबा गेल्यापासून इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कोर्टातली वाटणी, झालेली नसते आणि कागदावर मुंबई-पुण्यातले धरून वीस जण मालक असतात. घर भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या जमिनीत मुंडकार (त्याच्या जागेत घर करून राहणारा) म्हणून असू शकतं, त्याला १९७५च्या मुंडकार कायद्याचं संरक्षण आहे पण जागा नावावर झालीय की नाही हा वेगळा प्रश्न. कोमुनिदादच्या, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेच्या, जागेत असू शकतं. सर्व्हे नंबर माहीत असेल तर एक-चौदाचा उतारा (आपला सातबारा) ऑनलाइन दिसतो, त्यात कब्जेदार कोण, कूळ कोण, इतर हक्कांत काय लिहिलंय ते वाचता येतं. हे बघायचं ते "किती मिळेल" म्हणून नाही. उद्या वरती एक खोली चढवायची म्हटली तर कोणाकोणाच्या पाया पडावं लागेल ते आज कळावं म्हणून.

त्या दोन सह्या

आता मुख्य. पहिली सही म्हणजे रजिस्ट्रारसमोर दोघांनी "आम्ही लग्न करू इच्छितो" असं नोंदवणं. मग ती नोटीस बोर्डावर लागते, कुणाची हरकत असेल तर त्याने यावं म्हणून. साधारण दोन आठवड्यांनी साक्षीदार घेऊन दुसरी सही, आणि ती झाली की तुम्ही नवराबायको. हॉल डिसेंबरात असो, सासरी राहायला गेला नसाल, एकत्र एक दिवस काढला नसेल, तरी नवराबायको.

माझी एक शाळेतली मैत्रीण, तिने मुलाच्या व्हिसाच्या कागदांसाठी दोन्ही सह्या लग्नाच्या आठ महिने आधी करून टाकल्या, "कागदच तर आहे" म्हणून. तीन महिन्यांनी दोघांचं बिनसलं. साखरपुडा मोडायला एक फोन पुरतो, हे मोडायला तिला कोर्टात जावं लागलं, वकील, तारखा, आणि एक दिवसही संसार न करता नावापुढे "घटस्फोटित". माझं जुळून मोडलं ते पहिल्या सहीनंतर, दुसरीच्या आधी चार दिवस. नाक्यावर चर्चा झाली, आई आजारी पडली, पण मी मोकळी होते. चारच दिवसांचा फरक. म्हणून दुसरी सही समारंभाच्या जवळच ठेवा, महिनाभर आधी फार झालं, आणि कुणी घाई करायला लागला तर कारण कागदावर दाखव म्हणावं.

त्या सहीने काय होतं ते पण समजून घ्या. १८६७च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडातून आलेला आणि आता गोव्याच्या २०१२च्या वारसा कायद्यात बसवलेला नियम असा की वेगळं काही ठरवलं नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र होते, थोडे अपवाद सोडले तर लग्नाआधीची पण आणि नंतरची पण, आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. म्हणूनच इथे जमीन विकताना नवऱ्याला बायकोची आणि बायकोला नवऱ्याची सही लागते. वेगळं हवं असेल, म्हणजे दोघांचं आपापलं वेगळं ठेवायचं किंवा फक्त लग्नानंतर कमावलेलं एकत्र करायचं, तर लग्नाआधी सब-रजिस्ट्रारकडे तसा करार रीतसर दस्त करून नोंदवावा लागतो. लग्न झालं की तो बदलता येत नाही. नंतर सुचून उपयोग नाही. करार म्हटला की सासरचे "आधीच घटस्फोटाचा विचार?" म्हणतात, पण एकाचा धंदा कर्जावर चालत असेल किंवा दुसरं लग्न असून पहिलीची मुलं असतील तर वकिलाकडे तासभर बसाच, दोघांनी मिळून बसा.

आमच्या अकाउंट्सवाल्यांची एक गंमत: या एकत्र मालमत्तेमुळे १९६१च्या आयकर कायद्यात आपल्यासाठी खास कलम ५ए होतं, घरभाडं, व्याज, धंद्याचं उत्पन्न नवराबायकोच्या रिटर्नमध्ये निम्मं-निम्मं दाखवायचं, पगार मात्र ज्याचा त्याचा. त्यामुळे नवऱ्याचं भाड्याचं उत्पन्न तुम्हाला आज ना उद्या कळणारच असतं, आधीच सांगितलं तर काय बिघडतं.

सावंतवाडी-कुडाळ-बेळगावकडचं स्थळ असेल तर लग्न गोव्यात नोंदवायचं की तिकडे हे आधी ठरवा आणि दोन्हीतला फरक वकिलाकडून समजून घ्या.

बोटीवरचा, पासपोर्टवाला

तारवटी म्हणजे बोटीवरचा मुलगा वाईट नसतो, पण तो सहा-नऊ महिने नसतो, आणि त्या काळात तुम्ही त्याच्या आईसोबत राहणार की स्वतःच्या, हे आधी ठरवा. पोर्तुगीज पासपोर्टवाला असेल तर एवढंच लक्षात ठेवा की ते नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, दोन्ही ठेवता येत नाहीत, आणि ब्रेक्झिटची मुदत २०२० अखेर संपल्यापासून त्या पासपोर्टावर सरळ लंडनला जाऊन नोकरी धरायचे दिवस गेले. "तिकडे सेटल आहे" म्हणजे कुठे, कुठल्या कागदावर, बायकोला कधी नेता येईल, हे तीन प्रश्न.

आपलं आपण जमवलं असेल तर

तुमचं आधीच कुणावर प्रेम असेल तर वरचं सगळं तुम्हाला लागू नाही असं समजू नका, उलट प्रेमात कर्जाचा आकडा विचारायची जास्त लाज वाटते. घरी सांगताना एकदम वडलांवर बॉम्ब टाकू नका, आधी घरातलं असं माणूस पकडा ज्याचं वडील ऐकतात, बहुतेक घरांत ती एखादी आत्या किंवा वयनी असते. जात वेगळी असेल तर सहा महिने तरी धरा. आणि माणूस समोर आणा, फोटो नको. माझ्या चुलतभावाने मुलीला सरळ शिगम्याला (आमची होळी) घरी आणलं, पन्नास माणसांत, कुणाला भांडायला जागाच मिळाली नाही. धर्म वेगळा असेल तर घरची लढाई मोठी, पण रजिस्टर तेच आणि टेबलही तेच.

नाही म्हणणं

दोन दिवसांत कळवा आणि स्वतः कळवा. "पत्रिका जुळत नाही" हे गोव्याचं अधिकृत नाही आहे, सगळ्यांना माहीत असतं, तरी चालतं. पण दोनतीन भेटी झाल्या असतील तर तेवढंसुद्धा नको, सरळ लिहा, "तुमच्याशी बोलून बरं वाटलं, पण मला पुढे जावंसं वाटत नाही." कारण देत बसू नका, कारण दिलं की समोरचा ते दुरुस्त करून परत येतो. आणि गायब तर होऊच नका, गोवा लहान आहे, तो पुढच्या जत्रेत गाड्यावर भजी खाताना तुमच्या शेजारीच उभा असणार.

हो म्हटल्यावर, सहीच्या आधी

एकदा दोन्ही घरं समोरासमोर बसवा आणि खर्चाचं बोला. हॉल कुणाचा, जेवण कुणाचं, चुडा कुठे भरायचा, किती माणसं. आणि वजें. पहिल्या चवथीला मुलीच्या घरून सासरी फळं, लाडू, नेवऱ्या, नारळ भरभरून पाठवायची ती रीत. पूर्वी टोपलीभर असायचं, आता टेम्पो भरून जाणारी वजीं मी बघितलीयत, आणि ती भरायला सोनं ठेवणारे बाप पण. आम्ही आधीच बोललो, पाच फळं आणि एक नारळ, बस. सासूबाईंना पटलं नव्हतं, शेजारणी काय म्हणतील म्हणून, पण तापट सासरेच मध्ये पडले, "आमकां किदें हॉटेल घालपाचें आसा?" आणि विषय तिथेच संपला.

सहीच्या दिवसाचं शेवटचं. दोघांचे जन्मदाखले, पंचायतीचा किंवा पालिकेचा रहिवासी दाखला आणि ओळखपत्रं आठवडाभर आधी एका फायलीत लावा, जन्मदाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते अक्षर अक्षर लावून बघा, एवढ्याशावरून परत पाठवतात. यादी आधी त्याच ऑफिसात जाऊन विचारून घ्या. आणि साक्षीदारांना आदल्या रात्री फोन करून ओळखपत्र खिशात घालायला सांगा. आमचा एक साक्षीदार मामा, तो कार्ड घरी टीव्हीवर ठेवून आला, आणि आम्ही सगळे नटूनथटून दुपारी अडीचपर्यंत त्याच्या स्कूटरची वाट बघत त्या बाकड्यावर बसलो होतो, ऑफिसच्या शिपायाने शेवटी आम्हाला स्वतःच्या डब्यातला पाव दिला.